दरीतलं ते घरटं नक्की कुणाचं? शिक्रा, पावशा, घार आणि शेजारपाजार

पुण्यात वेताळ टेकडीच्या उतारावर सकाळी साडेसहाला उभं राहिलं की सपाटीवरच्या बागेत कधी होत नाही अशी एक गोष्ट होते, खालच्या ओढ्यातून वर आलेल्या आंब्याचा नाहीतर करंजाचा शेंडा बरोब्बर आपल्या डोळ्यांसमोर येतो. एरवी पक्षी बघायचा म्हणजे मान वर, मागे पांढरंफटक आभाळ आणि पक्षी नुसताच काळा ठिपका. इथे पक्षी आपल्या खालून उडत जातो, त्याची पाठ दिसते, शेपटीवरचे पट्टे दिसतात, आणि जागा नीट सापडली तर काटक्यांचं घरटंसुद्धा वरून दिसतं. म्हणूनच मार्चपासून जूनपर्यंत टेकडीवर फिरायला येणाऱ्यांचा एकच प्रश्न परत परत कानावर येतो, मोबाईल पुढे करून, "अहो हे बघा ना, ससाण्याचं घरटं आहे ना हे?"

ससाण्याचं जवळजवळ कधीच नसतं. बऱ्याचदा कावळ्याचं असतं, काही वेळा घारीचं, काही वेळा चक्क खारीचं, आणि कधी कधी, म्हणजे खरंच कधी कधी, ते शिक्र्याचं निघतं आणि ते त्या माणसाला सांगताना मला स्वतःलाच इतका आनंद होतो की विचारू नका. ते ओळखायचं कसं आणि त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे कोण, हे मी वर्षानुवर्षं त्याच त्या ओढ्याकाठी बसून जसं शिकत गेलो तसंच सांगतो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू, कारण आपण वाकडी चोच दिसली की लगेच गरुड म्हणतो नाहीतर ससाणा म्हणतो. ससाणा हा वेगळाच गट आहे. लांब, टोकाला निमुळते पंख, वरच्या चोचीच्या कडेला दातासारखं एक टोक, आणि पकडलेल्या भक्ष्याच्या मानेवर चोचीने घाव घालून ते मारायची पद्धत. हे लोक काटक्या जमवून घरटं बांधतच नाहीत, कड्याच्या कपारीत, जुन्या खाणीच्या भिंतीत, उंच इमारतीच्या खाचेत अंडी घालतात किंवा दुसऱ्या कुणाचं तरी जुनं घरटं वापरतात. शिक्रा, घार, गरुड हे मात्र एकाच कुटुंबातले, आणि हे बहुतेक सगळे स्वतः काटक्या आणून घरटं बांधतात, पायाच्या पकडीने आणि नख्यांनी मारतात. गंमत म्हणजे 2008 साली पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की ससाण्यांचं नातं शिक्रा-घारीपेक्षा पोपटांशी जास्त जवळचं आहे. दिसायला सारखे म्हणून नातेवाईक, हे पक्ष्यांत चालत नाही, आणि पुढे पावशाच्या वेळी हीच गोष्ट परत येणार आहे.

आता प्रश्न असा की एवढ्या शहराच्या मधोमध शिकारी पक्षी घरटं करतोच कशाला. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा 800 मीटरच्या आसपास, म्हणजे मधे चांगला दोनशे-अडीचशे मीटरचा उतार आहे, आणि त्या उतारात पावसाच्या पाण्याने पाडलेल्या घळी आहेत. वरच्या उतारावर गिरीपुष्पाची लागवड, जी फेब्रुवारीत पानं गाळून गुलाबी फुलते आणि तेव्हा आडोसा काही देत नाही. पण घळीच्या तळाशी, जिथे माती आणि ओल टिकते, तिथे आंबा, उंबर, करंज, वड अशी जुनी दाट झाडं उन्हाळ्यातही हिरवी असतात. शिक्र्याला हवं ते सगळं इथे हाकेच्या अंतरावर आहे. दाट पानांतला बेचका घरट्याला, उघडा उतार सरडे पकडायला, ओढ्यातलं डबकं अंघोळीला, आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या बागांमध्ये खारी, उंदीर, छोटे पक्षी. सकाळी नऊ-दहानंतर उतारावरचा खडक तापला की त्याच्यावरची हवा गरम होऊन वर चढायला लागते, आणि त्या वर जाणाऱ्या हवेवर घारी पंख न हलवता गोल गोल वर जातात. त्यामुळे उंच घिरट्या बघायच्या तर दहानंतर या, घरटं शोधायचं तर उजाडतानाच या, कारण तेव्हा पक्षी खाली असतात आणि बोलतात.

शिक्रा. आकार पारव्याएवढा, लांबी साधारण तीस सेंटीमीटर, म्हणजे लोकांना वाटतो त्यापेक्षा खूपच लहान. मोठ्या नराचा रंग वरून निळसर राखाडी, छातीवर बारीक बारीक तांबूस आडव्या रेघा, गळ्याच्या मधोमध एक पुसटशी उभी रेघ, आणि डोळा लाल. मादी नरापेक्षा मोठी, पाठ जरा तपकिरीकडे झुकणारी आणि डोळा पिवळा-नारिंगी. हा आकारातला फरक इतका डोळ्यात भरतो की जुन्या काळी शिकारीसाठी पक्षी पाळणारे लोक मादीला शिक्रा आणि नराला चिपक अशी दोन वेगळी नावं वापरायचे. पहिल्या वर्षातलं पिल्लू अजूनच वेगळं, पाठ पूर्ण तपकिरी आणि छातीवर आडव्या रेघांच्या ऐवजी थेंब ओघळल्यासारखे उभे ठिपके. म्हणजे एकाच जातीचे तीन अवतार झाले, आणि फोटोत ऊन कसं पडलंय त्यावर चौथा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की रंगावरून सुरुवात करू नका, रंग सगळ्यात शेवटी.

सुरुवात उडण्यावरून करा. शिक्र्याचे पंख आखूड आणि टोकाला गोलसर, शेपूट लांब. झाडांच्या गर्दीतून सपकन वळायचं असेल तर असेच पंख लागतात आणि अशीच शेपूट लागते, लांब पंख असते तर फांद्यांना अडकले असते. उडताना तो चार-पाच वेळा भरभर पंख मारतो आणि मग पंख पसरून थोडं तरंगतो, परत भरभर, परत तरंगणं. ही लय एकदा डोळ्यात बसली ना, की समोरच्या उतारावरून चारशे मीटरवरून जाणारा पक्षीसुद्धा तुम्ही नाव घेऊन सांगाल, तिथे रंग दिसायचा प्रश्नच येत नाही. बसतो तो ताठ उभा, पानांच्या आडोशाला, मोठ्या फांदीवर, आणि बसला की बराच वेळ हलत नाही. आवाज दोन भागांचा, टि-टू, टि-टू, धारदार आणि लांब जाणारा, फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी जोडी जमत असताना हा आवाज घळीत घुमतो आणि एका उतारावरून दुसऱ्या उतारावर आपटून परत येतो, त्यामुळे कुठून येतोय ते पटकन कळत नाही. दोन वेगळ्या जागी उभं राहून ऐका, मग दिशा पक्की होते.

आणि इथेच आपला कोतवाल घोळ घालतो. तो काळाभोर, शेपूट दुभंगलेली, तारेवर बसणारा. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, आणि ती साधीसुधी हौस नसते, त्या आवाजाने साळुंक्या घाबरून उडतात आणि त्यांनी टाकलेला किडा कोतवाल उचलतो अशी निरीक्षणं नोंदवलेली आहेत. मोबाईलवरच्या आवाज ओळखणाऱ्या ॲपचा मलाही खूप उपयोग होतो, पण ॲपला बोलणारा दिसत नसतो. आवाज आला की बोलणारा शोधा, तो दिसेपर्यंत वहीत शिक्रा लिहू नका.

आता पावशा. हा भाग जरा लांबणार आहे कारण माझ्याकडे शिक्रा म्हणून येणाऱ्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त हाच असतो. मे महिन्यात शेजारच्या काकूंनी फोटो दाखवला, "बघ रे, आमच्या शेवग्यावर ससाणा येऊन बसलाय, रात्रभर ओरडतो मेला." राखाडी पाठ, छाती तांबूस, पोटावर आडव्या रेघा, पट्टेरी लांब शेपूट, पिवळे पाय, डोळ्याभोवती पिवळी कडा. सगळं जुळत होतं. पण "रात्रभर ओरडतो" म्हटल्यावर मी फोटोकडे परत बघितलं, कारण शिक्रा रात्री ओरडत नाही, पावशा ओरडतो. पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, प्रत्येक वेळी अजून वरच्या पट्टीत, शेवटी आवाज फाटेल की काय असं वाटेपर्यंत, आणि मग एकदम गप्प. ज्याची हाक ऐकून शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतात तोच हा, कोकिळेच्या कुळातला पक्षी, शिकारीशी याचा काही संबंध नाही, हा सुरवंट खातो.

मग हा शिक्र्यासारखा दिसतो कशाला? कारण याला सातभाईंच्या घरट्यात गुपचूप अंडं टाकायचं असतं. सातभाई थव्याने राहणारे, एकाने धोका बघितला की सगळे मिळून तुटून पडणारे. त्यांच्यात शिक्र्याची भीती पक्की बसलेली, त्यामुळे शिक्र्यासारखं दिसणारं, शिक्र्यासारखंच चार पंख मारून तरंगत येणारं काही जवळ आलं की त्यांची धांदल उडते. या रूपाचा पावशाला फायदा मिळतो तो इथे. म्हणजे मघाशी मी ज्या उडण्याच्या लयीचं एवढं कौतुक केलं, ती लयसुद्धा याने घेतलेली आहे, आणि म्हणूनच एकाच खुणेवर कधी थांबायचं नाही.

मग फरक कुठे बघायचा? चोचीत आणि पायात. शिक्र्याची चोच आखूड आणि मुळापासूनच खाली वळलेली, मांस तोडायची. पावशाची चोच बरीच सरळ आणि सडपातळ, टोकाला थोडीशी वळण असलेली, शेजारी कोकिळेची चोच आठवा तशी. शिक्र्याचे पाय लांब, नख्या काळ्या आणि धारदार, तीन बोटं पुढे आणि एक मागे. पावशाचे पाय आखूड आणि दोन बोटं पुढे, दोन मागे. फोटो झूम करून पाय बघितले की भांडण संपतं. आणि पाय दिसत नसतील तर बसण्यावर लक्ष ठेवा, शिक्रा उभा बसतो, पावशा फांदीवर बराचसा आडवा होतो. काकूंना मी तिथेच आवाज ऐकवला, त्या म्हणाल्या, "अगंबाई, हा तर पेर्ते व्हा." नाव त्यांना लहानपणापासून माहिती होतं, चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

पावशा कधीच घरटं बांधत नाही हेही लक्षात ठेवा. म्हणजे राखाडी, पट्टेरी पक्षी जर काटकी घेऊन जाताना दिसला, तर तो पावशा नाहीच, प्रश्न तिथेच मिटला.

घार ओळखायला सोपी, पण शहरात राहून आपण तिच्याकडे बघतच नाही. पंखांचा विस्तार सव्वा ते दीड मीटर, शिक्र्यासमोर ती राक्षसच. शेपटीला मधोमध खाच, आणि उडताना ती शेपूट होडीच्या सुकाणूसारखी सतत पिळते, डावीकडे उजवीकडे. शेपूट पूर्ण पसरली की खाच दिसेनाशी होते, म्हणून एक फोटो बघून "खाच नाही म्हणजे घार नाही" असं म्हणू नका, दोन मिनिटं बघत रहा. आवाज शिंगराच्या खिंकाळण्यासारखा, लांब आणि थरथरता. ब्राह्मणी घार तांबडी-विटकरी, डोकं आणि छाती पांढरी, शेपूट गोल, ती नदी आणि तलावाच्या बाजूला जास्त, पाषाण तलावाकडे डोळे उघडे ठेवा.

बाकीचे शिकारी पटपट सांगतो. कापशी पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळा लाल, ती उघड्या गवतावर हवेत एका जागी पंख मारत थांबते, घळीच्या झाडीत तिला काम नाही. मधुबाज घारीएवढा, पण मान लांब आणि डोकं पारव्यासारखं लहान, रंगाला काही धरबंध नाही, गडद तपकिरीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत कुठलाही असतो, तो मधमाश्यांची पोळी फोडून अळ्या आणि मेण खातो, तेव्हा ज्या टॉवरला आग्या मोहोळ आहे त्याच्या आसपास तो दिसतोच कधी ना कधी. हिवाळ्यात उत्तरेकडून शिक्र्याचा एक भाऊबंद येतो, इंग्रजीत स्पॅरोहॉक म्हणतात तो, गळ्यावर मधली रेघ नसते, डोळ्यावर फिकट भुवई, पाय काडीसारखे बारीक, पण तो उन्हाळ्याआधी निघून जातो. मे महिन्यात घरट्यावर बसलेला पक्षी तो असू शकत नाही. तारीख हीसुद्धा ओळखीची खूणच आहे, आणि ती फुकट मिळते.

आता घरटं. घरट्याचा आकार बघितला की निम्मे उमेदवार तिथेच बाद होतात. वाळक्या फांदीला गोल भोक असेल तर तांबट, त्याने स्वतः चोचीने कोरलेलं. जुन्या वडाच्या ढोलीत पिंगळा किंवा पोपट, आणि ढोलीचं तोंड लिंपून फक्त एक उभी चीर ठेवलेली असेल तर राखी धनेश, आत मादी स्वतःला कोंडून घेऊन बसलेली असते आणि नर बाहेरून उंबराची फळं, किडे त्या चिरेतून देत राहतो. पुण्यात धनेश चांगले आहेत, वड-पिंपळ-उंबर जिथे शिल्लक तिथे त्यांचा तो चिरका आवाज येतोच, आणि हे बघायला मिळणं म्हणजे मला शिक्र्यापेक्षाही मोठी गोष्ट वाटते. पानं शिवून केलेलं घर शिंप्याचं, काडीला लोंबकळणारी कोळिष्टकासारखी पिशवी सूर्यपक्ष्याची. तंतू, गवत, कापूस यांचा फुटबॉलएवढा बंद गोळा असेल तर ती खार.

राहिली काटक्यांची उघडी घरटी. घारीचं घरटं मोठं आणि बेढब, त्यात चिंध्या, प्लॅस्टिक, दोऱ्या, वायरी लोंबत असतात, आणि तेच घरटं दरवर्षी डागडुजी करून वापरतात म्हणून ते जाडजूड होत जातं. ते बऱ्याचदा उंच झाडावर, पार वरच्या फांद्यांत, मोबाईलच्या टॉवरवरसुद्धा. कावळ्याचं आणि शिक्र्याचं मात्र लांबून सारखंच दिसतं, दोन्ही मध्यम, दोन्ही काटक्यांचे, दोन्ही बेचक्यात. कावळा तारांचे तुकडे बिनधास्त वापरतो, शिक्र्याच्या घरट्यात काटक्या आणि आत गवताचं अस्तर, आणि ते पानांच्या जास्त आत, खोडाजवळ लपवलेलं असतं. पण खरं सांगू का, नुसतं घरटं बघून मी कधीच छातीठोकपणे सांगत नाही. अर्धा तास लांब बसा आणि कोण येतंय ते बघा, दुसरा उपाय नाही.

झाडाखालची जमीनही बघा. शिकारी पक्ष्याची पिल्लं घरट्याच्या कडेला येऊन बाहेर विष्ठा टाकतात, त्यामुळे खालच्या पानांवर, दगडांवर चुना शिंपडल्यासारखे पांढरे फराटे दिसतात. जवळपास एखाद्या आडव्या फांदीखाली छोट्या पक्ष्यांची उपटलेली पिसं, सरड्याची शेपटी, असं काही सापडलं तर ती शिक्र्याची जेवायची जागा, भक्ष्य तिथे आणून साफ करतात आणि मग घरट्यात नेतात. हे फराटे आणि पिसं मला घरट्याच्या आधी सापडतात, आणि मग मी वर न बघता आधी मागे सरकतो आणि समोरच्या उतारावर जाऊन बसतो.

शेजारी पक्षीही तुम्हाला सांगत असतात, ऐकायची सवय हवी. शिक्रा घळीत शिरला की पहिली खार ओरडते, चिक चिक चिक, शेपटी आपटत, मग बुलबुल, मग सातभाईंचा कलकलाट, आणि तो कलकलाट घळीतून सरकत जातो, शिक्रा जसा सरकेल तसा. पक्षी तुम्हाला एकदाही दिसला नाही तरी तो कुठून कुठे गेला हे कानाने काढता येतं. उंचावर घार फिरत असेल तर एवढा गोंधळ होत नाही, कावळे आणि कोतवाल तिच्या मागे लागतात तेवढंच. कोतवालाचं घरटं ज्या झाडावर असेल त्याच्या आसपास बुलबुल, हळद्या असे छोटे पक्षीही घरटं करतात, कारण कोतवाल घारीला आणि कावळ्यालाही पिटाळून लावतो आणि संरक्षण फुकटात मिळतं. अशा झाडाजवळ शिक्र्याचं घरटं शोधण्यात वेळ घालवू नका असं माझं मत आहे.

महिन्यांचा हिशोब मनात असला की काम सोपं होतं. थंडी सरत असताना काटकी घेऊन उडणारा मोठा पक्षी दिसला तर घार, तिचं काम आधी सुरू होतं. शिक्र्याची जोडी फेब्रुवारी-मार्चात बोलायला लागते, मग नर-मादी दोघं एकेक काटकी आणून घरटं करतात, अंडी साधारण तीन-चार, उबवायला 18 ते 21 दिवस. या उबवणीच्या काळात जोडी एकदम गप्प होते आणि लोक म्हणतात "गेले वाटतं सोडून." गेलेले नसतात. त्यावेळी झाडाखाली उभं राहून टाळ्या वाजवणं, हलवून बघणं, असलं काही करू नका, भर एप्रिल-मेच्या उन्हात मादी उठली तर अंडी तापतात, आणि माणसांची गर्दी कुठे जमते हे कावळे बरोबर बघत असतात, तुम्ही गेल्यावर ते येतात.

ड्रोनबद्दल मला फार राग आहे, तो इथेच लिहितो. घरट्याचा वरून व्हिडिओ घेण्यासाठी ड्रोन उडवणं म्हणजे त्या मादीच्या दृष्टीने डोक्यावर भलामोठा शत्रू येऊन थांबणं. आणि घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकणं हेही तितकंच वाईट, चांगल्या मनाने टाकलं तरी दुसऱ्या दिवशी तिथे वीस कॅमेरे असतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटं विस्कळीत करणंही धरलेलं आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. सोसायटीत फांद्या छाटायच्या असतील तर त्यासाठीही महाराष्ट्रात 1975 चा झाडं जपण्याचा कायदा आहे, शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पण परवानगी असली तरी मार्च ते जुलै छाटणी पुढे ढकला अशी माझी हात जोडून विनंती, चार-पाच महिन्यांनी फांदीचं काही बिघडत नाही. आणि झाडात अडकलेला नायलॉन मांजा दिसला तर काढून टाका, 2017 पासून त्यावर देशभर बंदी आहे तरी तो संक्रांतीनंतर झाडांवर लोंबत राहतो आणि आखूड पंखांनी झाडातून वेगात जाणाऱ्या पक्ष्याला तो दिसत नाही.

शेवटचा गोंधळ पिल्लांचा. उबवल्यानंतर साधारण महिन्याभरात पिल्लं घरट्याबाहेर येतात, पण लगेच उडत नाहीत, आधी फांद्यांवर चढतात, उड्या मारतात, धडपडतात, कधी खालच्या झुडपात येऊन बसतात. पिसं पूर्ण आलेली, पायावर नीट उभं, डोळे टवटवीत आणि जवळ गेल्यावर चोच उघडून दम देणारं पिल्लू असेल तर ते हरवलेलं नाही, आई-बाप वरून बघत असतात, कुत्र्या-मांजरांना हाकला आणि तुम्ही लांब व्हा, फार तर एखाद्या उंच फांदीवर ठेवा. अंगावर नुसती पांढरी लव आणि उभंच राहता येत नसेल, किंवा पंख लोंबत असेल, रक्त असेल, तर मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून, आत फडकं घालून, अंधारात शांत ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या हेल्पलाईनला फोन करा. दूध-पोळी, भात, पाणी चोचीत घालायचं नाही, चोचीत घातलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि पिल्लू तिथेच मरतं.

जूनचा पहिला पाऊस पडून गेला की मी त्या ओढ्याकडे आवर्जून जातो. तेव्हा घरटं रिकामं असतं पण झाड बोलत असतं, ठिपकेदार छातीची दोन-तीन पिल्लं वेगवेगळ्या फांद्यांवर बसून सतत किरकिरत असतात, ओल्या पंखांनी इकडून तिकडे उडून बघतात, फांदी चुकते, पानांना धरून लोंबकळतात, परत वर येतात. समोरच्या उतारावर पावशा चालू असतो, पेर्ते व्हा. मोठी मादी पायात सरडा घेऊन खालून, माझ्या पायाखालच्या उंचीवरून, चार पंख मारून तरंगत येते आणि तिन्ही पिल्लं एकदम ओरडायला लागतात.